फॉर्मच्या पाठीवरचा नकाशा

कुवेतमध्ये होते असं सांगितलं की समोरचं माणूस हमखास विचारतं, ‘नर्स होतात का?’ नव्हते. हॉस्पिटलात आमचे हे होते, लॅबोरेटरीत. मी लोकांना प्रश्न विचारायची. यावर लोक हसतात. हसू देत. तेरा वर्षं मी हेच काम केलं. आधी स्वतः दारोदार हिंडून, नंतर हिंडणाऱ्या मुलींवर देखरेख करून. तुम्ही कुठला साबण वापरता इथपासून देव आहे असं तुम्हाला वाटतं का इथपर्यंत. पेपरात ‘इतके लोक म्हणतात’ असं छापून येतं ना, ते ‘इतके’ कोणीतरी उन्हातान्हात घरोघर जाऊन गोळा केलेले असतात. ते कोणीतरी म्हणजे मी.

काम दिसायला सोपं आणि करायला छळवादी. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. उत्तर ऐकून भुवई उडवायची नाही. ‘हो का?’, ‘अरे वा’ म्हणायचं नाही, मान डोलवायची नाही, कारण आपली मान डोलली की समोरचा आपल्याला आवडेल तेच बोलायला लागतो. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे जमायला वर्ष लागलं. मिरजेला गेले की सासूबाई शेजारणींना सांगायच्या, कुवेतने आमच्या सूनबाईला गप्प बसायला शिकवलं.

आणि खोटे फॉर्म ओळखणं, ही माझी खासियत. काही मुली घरी जायच्याच नाहीत. आइस्क्रीमच्या दुकानात थंड हवेत बसून दहा माणसांची मतं स्वतःच लिहून आणायच्या. मी फॉर्म नुसता चाळून सांगायची की हा बनावट आहे. कसं? खोट्या फॉर्मात ‘सांगता येत नाही’ या चौकटीवर कधी खूण नसते आणि कुठे खाडाखोड नसते. खरा माणूस अडखळतो. एक सांगतो, मग म्हणतो थांबा, ते खोडा.

पण ओळखणं पुरत नाही, सिद्ध करावं लागतं. त्यासाठी प्रत्येक फॉर्मच्या पाठीमागे एक चिठ्ठी असायची, नाव आणि पत्त्याची. तिच्यावरून मी काही घरांना अचानक जाऊन विचारायची, आमची मुलगी खरंच आली होती का? आता त्या वेळच्या कुवेतमधले पत्ते म्हणजे गंमतच होती. ब्लॉक, गल्ली, घराचा नंबर असं सगळं कागदावर असायचं, दारावर नंबर असेलच असं नाही. म्हणून मी नियम केला की चिठ्ठीवर नकाशा काढायचा. मशिदीच्या मागे वळा, बेकरीनंतर तिसरं दार, निळं फाटक. माझे नकाशे आमच्या ऑफिसात प्रसिद्ध होते.

लंडनच्या मुख्य ऑफिसचा आणखी एक नियम होता. चिठ्ठी त्याच दिवशी फॉर्मपासून फाडायची आणि वेगळ्या पेटीत ठेवायची, म्हणजे कोणी काय मत दिलं हे नावाशी जुळू नये. तो नियम मी मोडला. एकदा चिठ्ठ्या एकमेकींत मिसळून मी भलत्याच घरी गेले होते आणि त्या घरच्या कुवेती बाईने मला हाकलून दिलं होतं. तेव्हापासून मी चिठ्ठी फॉर्मलाच राहू द्यायची, तीही दोन दोन पिना मारून. मला वाटायचं, लंडनमध्ये बसून नियम करणाऱ्यांना कुवेतच्या गल्ल्या काय कळणार.

नव्वद सालच्या उन्हाळ्याआधी आमच्याकडे एक वेगळंच काम आलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा अभ्यासकांना बघायचं होतं की देशाबाहेर राहणाऱ्या अमेरिकनांची मूल्यं घरच्यांसारखीच राहतात की बदलतात. कुवेतमध्ये तेव्हा अमेरिकन बरेच होते, तेलात, बांधकामात, शाळांमध्ये. आमचे लेबनानी साहेब म्हणाले, सुनंदा, हे नाजूक काम आहे, तू स्वतः कर. मग मीच फॉर्म घेऊन निघाले. गाडी चालवायला हसनभाई.

हसनभाई दापोलीकडचे. कंपनीचे ड्रायव्हर, पन्नाशीचे, पाचही वेळा नमाज पढणारे आणि फिंतासला शिंप्याच्या दुकानावरच्या एका खोलीत एकटे राहणारे. मला वैनी म्हणायचे. मी दारात प्रश्न विचारत असले की गाडीत बसून पेपर वाचायचे, आणि परत आले की विचारायचे, ‘काय वैनी, काय बोलला तुमचा अमेरिका?’

काय बोलत होता अमेरिका? मला तर त्या फॉर्मांनी वेड लावलं. एक प्रश्न होता, तुमचं आयुष्य कितपत तुमच्या स्वतःच्या हातात आहे? दहा पायऱ्यांच्या शिडीचं चित्र पुढे धरायचं आणि बोट ठेवायला सांगायचं. जो तो वरच्या पायऱ्यांवर बोट ठेवी. त्याच्याच पुढचा प्रश्न, देवाला तुमच्या आयुष्यात किती महत्त्व आहे? तिथेही बोट वरच. टेक्सासच्या एका बाईंना मी मनातल्या मनात विचारलं, अहो, सगळं तुमच्या हातात तर देव काय करतो, आणि देवाच्या हातात तर तुम्ही काय करता? आमच्याकडे एकदा देवावर सोपवलं की माणूस मोकळा. त्या बाई मात्र जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करत आणि मग उठून गळका नळ स्वतः दुरुस्त करत. त्यांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

दुसरं म्हणजे स्वतःच्या सरकारबद्दल ते इतकं वाईट बोलत की मला दाराकडे बघावंसं वाटे, कोणी ऐकत तर नाही ना. आणि त्याच दमात, देशाचा अभिमान किती, तर ‘फार’. पण मला खरं कोडं पडलं ते विश्वासाच्या प्रश्नाचं. ‘बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना सावध राहावं लागतं?’ कितीतरी जणांनी सांगितलं, सावध राहावं. आणि हे सांगताना ते एका अनोळखी हिंदी (तिथे भारतीयांना हिंदीच म्हणत) बाईला घरात घेऊन, पुढ्यात सरबत ठेवून बसलेले असत. नाव, फोन, घर कुठे, सगळं न कचरता सांगत. माणूस जे बोलतो आणि जे करतो त्यांत मधे केवढी जागा असते, आणि ती जागा आमच्या फॉर्मात कुठेच नसते.

मिस्टर वॉल्टर असेच. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, साठीला आलेले, बायको वारलेली. फिंतासला समुद्राजवळ एका बैठ्या घरात राहायचे आणि अंगणात पिंपं कापून त्यात टोमॅटो लावायचे. शिडीवर त्यांनी दहाव्या पायरीवर बोट ठेवलं. विश्वासाच्या प्रश्नाला म्हणाले, सावध. शेवटी मी चिठ्ठीवर नकाशा काढायला घेतला, तर माझ्या हातून कागद काढून घेतला. म्हणाले, बाई, याला नकाशा म्हणत नाहीत. आतून आलेखाचा कागद आणला, पट्टी घेतली, आणि घराचा असा नकाशा काढला की काय सांगू. उत्तर दिशेचा बाण, गल्ल्यांची रुंदी, मागचं दार, टोमॅटोची पिंपंसुद्धा. वर म्हणाले, आता आंधळासुद्धा चुकणार नाही.

मग त्यांनी विचारलं, हे कोण कोण बघणार? मी छापील वाक्य वाचलं, आपलं नाव व पत्ता पूर्णपणे गुप्त ठेवला जाईल. ते म्हणाले, ‘हे कंपनी म्हणते. तू काय म्हणतेस?’

छापलेलं सोडून काही बोलायचं नाही हा माझा धर्म. पण त्या दिवशी मी बोलले. म्हटलं, ‘माझाही शब्द आहे.’

तो नकाशा मला इतका आवडला की मागे पिन मारली तर मळेल म्हणून मी तो घडी घालून फॉर्मच्या आतल्या पानांमध्ये लावला. दोन पिना मारूनच. जुलैत उत्तरांचे तक्ते लंडनला गेले आणि फॉर्म खोक्यांत भरून राई नावाच्या गोदामांच्या भागात, आमच्या गोदामात गेले. वर्षभर सांभाळून ठेवायचे असतात. खोक्यांवर मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘अमेरिकन रहिवासी, कुवेत, पत्त्यांसह’. कोणाला सापडायला त्रास नको म्हणून ऑफिसातल्या कारकुनाकडून खाली अरबीतही लिहून घेतलं.

दोन ऑगस्टला सकाळी उठलो तर देश दुसऱ्याचा झाला होता. त्या दिवसांबद्दल खूप जणांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. पाव, पाणी, गॅस, रेडिओ, एवढंच आयुष्य उरलं. आमचे साहेब सुट्टीवर बैरूतला होते ते तिथेच राहिले. आम्हा हिंदी लोकांना इराकी सैनिक फारसा त्रास देत नव्हते. बसरा, बगदाद, अम्मानमार्गे माणसं निघायला लागली होती. ह्यांनी आमची नावं एका बसच्या यादीत घातली होती. निघायला चार दिवस होते.

मग रेडिओवरून सांगायला लागले की अमेरिकन, ब्रिटिश वगैरे लोकांनी हजर व्हावं, आणि त्यांना जो लपवून ठेवेल त्याची गय होणार नाही, फाशी. त्यांना पकडून इराकमध्ये कारखान्यांत, धरणांवर नेऊन ठेवतात, म्हणजे तिथे बाँब पडणार नाहीत, असं ह्यांनी हॉस्पिटलात ऐकलं. त्याच दुपारी हसनभाई पाव द्यायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, राईला गोदामं फोडतायत, रोज एक गल्ली रिकामी करतायत. काल टायरवाल्यांची गल्ली झाली.

माझ्या हातातला पाव हातातच राहिला. दीडशेच्या वर घरं. प्रत्येक घराचा नकाशा. आणि वर माझ्याच सांगण्यावरून अरबीत लिहिलेलं.

सकाळी गोदामात जाणार म्हटल्यावर हे म्हणाले, तुझं डोकं फिरलंय. मी म्हटलं, मी शब्द दिलाय. ते म्हणाले, कंपनीने दिलाय, कंपनी बघेल. कंपनी कुठे होती? मग ते चिडले. सतरा वर्षांत मी त्यांना इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाले, चार दिवसांनी आपण मिरजेच्या वाटेला लागतोय, आणि तू कागदांसाठी मरायला निघालीस. मी पाव कपाटात ठेवून दिला. बोलले असते तर रडले असते आणि मग गेलेच नसते. सकाळी भाताचा मोठा डबा रिकामा केला, पिशवीत घातला आणि खाली उतरले. हसनभाई गाडी घेऊन उभे होते. ह्यांनी वरून पाण्याची बाटली आणून माझ्या हातात दिली आणि परत गेले.

राईला पोचेपर्यंत दोनदा गाडी थांबवली. ‘हिंदी?’ ‘हिंदी.’ बताका दाखवला, म्हणजे आपलं ओळखपत्र, की जा म्हणायचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लष्करी ट्रक उभा होता आणि सैनिक फ्रिज चढवत होते. आमच्या गोदामाचं कुलूप अजून शाबूत होतं. हसनभाईंकडे किल्ली होती. आत गेलो आणि शटर अर्धं खाली ओढलं.

खोकी दोन होती. उचलून न्यावीत तर ट्रकसमोरून न्यावी लागणार. जाळावीत तर धूर. म्हणून ठरवलं होतं की फक्त चिठ्ठ्या फाडायच्या. पण त्या माझ्या दोन दोन पिना. घट्ट बसवलेल्या, कोणी चिठ्ठी हरवू नये म्हणून. आतमध्ये भट्टी तापल्यासारखं होत होतं. हसनभाई फॉर्म उलटा करून पुढे सरकवायचे आणि मी कोपऱ्यासकट चिठ्ठी ओढून डब्यात टाकायची. नखांतून रक्त यायला लागलं. त्या तासाभरात मी स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आयुष्यात कोणाला घातल्या नसतील. पहिलं खोकं झालं, दुसरं होत आलं, शेवटची चिठ्ठी डब्यात पडली, मी झाकण लावलं, आणि शटर वर गेलं.

अधिकारी होता. चाळिशीचा, चष्मा लावलेला, मागे दोन सैनिक. हसनभाईंनी अरबीत सलाम करून सांगितलं की आम्ही इथले नोकर, साबणाच्या कंपनीचे कागद आवरतोय. अधिकाऱ्याने माझा बताका घेतला, नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. मग वरचा एक फॉर्म उचलला आणि इंग्रजीत म्हणाला, ‘यात साबण कुठेच दिसत नाही.’

त्याला इंग्रजी चांगलं येत होतं. म्हणजे आता खोटं बोलून उपयोग नव्हता, आणि खरं बोलायची सोय नव्हती. मी म्हटलं, लोकांच्या मतांची पाहणी आहे. तो दुसऱ्या खोक्यावर बसला आणि फॉर्म वाचायला लागला, सावकाश, एकेक प्रश्न. खोक्यावरचं ते अरबी अक्षर त्याच्या दोन बुटांच्या मधे दिसत होतं. भाताचा डबा माझ्या पायाशी होता.

वाचता वाचता त्याने फॉर्मच्या फाटक्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. इथे काहीतरी लावलेलं होतं, म्हणाला.

मी इतक्या वर्षांत कमावलेला चेहरा त्या वेळी कामाला आला. भुवई हलू दिली नाही. म्हटलं, ‘पत्त्याची चिठ्ठी असते. आमचा नियम आहे, त्याच दिवशी फाडायची आणि नष्ट करायची. नाहीतर लोक खरं बोलत नाहीत.’

लंडनचा तोच नियम, जो मी कधी पाळला नव्हता. तो मी म्हणून दाखवला, पेटीच्या जागी ‘नष्ट’ तेवढं माझं.

त्याने फॉर्म मिटला. मग म्हणाला, ‘आमच्याकडे चिठ्ठी फाडली तरी लोक खरं बोलणार नाहीत.’ उठला, वाकून खोक्यावरचं अरबी वाचलं. ‘पत्त्यांसह’ हा शब्द त्याने वाचला हे मला दिसलं. त्याने फॉर्म खोक्यात टाकला, बताका माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘जेवणाचा डबा घ्या आणि घरी जा. गोदाम आज रिकामं होणार आहे.’

त्याला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. पण हे माझं मत आहे.

आम्ही गाडीत बसेपर्यंत सैनिकांनी आमची खोकी ट्रकवर चढवलीसुद्धा. दोन वळणं गेल्यावर हसनभाईंनी गाडी एका भिंतीच्या सावलीत घेतली. मी डबा उघडून चिठ्ठ्या बाटलीतल्या पाण्यात कालवायला लागले, शाई जावी म्हणून. सवयीने डोळे प्रत्येक चिठ्ठीवरचं नाव बघत होते. शेवटपर्यंत गेले. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. आलेखाचा कागद नव्हता.

मागच्या चिठ्ठ्या फाडल्या होत्या. आतली तशीच राहिली होती. सगळ्यांत सुंदर म्हणून जपून आत लावलेली. एवढ्या सगळ्यांत नेमकी तीच ट्रकवर गेली होती, मागच्या दारासकट, उत्तरेच्या बाणासकट. आणि चिठ्ठ्या नष्ट केल्यात असं मी माझं ओळखपत्र दाखवून सांगितलं होतं.

मी हसनभाईंना सांगितलं. ते दाढी खाजवत बसले. मी म्हटलं, हसनभाई, ती खोकी कोणी उघडणारही नाही कदाचित. कचऱ्यात जातील. ते म्हणाले, हा, तसा पण होईल. मग गाडी सुरू केली आणि घराकडे न वळवता हायवेला लावली. मी विचारलं, कुठे? ‘फिंतासला,’ म्हणाले. ‘कदाचितवर काय झोप लागणार हाय तुमाला?’

तो रस्ता मला आठवत नाही. तपासणी झाली असणार, आम्ही हिंदी म्हटलं असणार. ते बैठं घर बंद होतं, पडदे ओढलेले. टोमॅटो जळून गेले होते, म्हणजे कित्येक दिवस पाणी नव्हतं. हसनभाई म्हणाले, गेला असेल. पण मला मागच्या दाराच्या खालच्या फटीत ओलसर पट्टा दिसला. कोणीतरी आत पाणी वापरत होतं. दार वाजवलं. काही नाही. हाक मारायची सोय नव्हती, इंग्रजी नाव घेतलं तर गल्लीभर ऐकू जाणार. आणि दार वाजवणारा कोण आहे हे आतल्याला कसं कळावं?

मग मला सुचलं ते मी केलं. दाराला तोंड लावून हळू आवाजात आमची छापील सुरुवात म्हणायला लागले. ‘नमस्कार, आम्ही लोकांची मतं जाणून घेत आहोत. आपली थोडी मिनिटं मिळतील का? आपली उत्तरं गुप्त राहतील...’ त्या शब्दावर मी अडखळले. पुढे येईना. कडी निघाली.

मिस्टर वॉल्टर निम्मे झाले होते. दाढी वाढलेली, पायात मोजे, आवाज होऊ नये म्हणून. मी आत न जाता दारातच सांगितलं, मी शब्द मोडला. तुमचा नकाशा त्यांच्या हातात गेलाय. तुम्ही आत्ताच्या आत्ता निघा. मला वाटलं होतं हा माणूस भडकेल. त्यांनी फक्त विचारलं, किती वेळ आहे? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, मग मी बघतो, तुम्ही जा, माझी सोय मी करीन. शिडीची दहावी पायरी.

हसनभाईंना इंग्रजी मोडकंतोडकं यायचं. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून मिस्टर वॉल्टरच्या हातात दिला, डोक्याला बांधायची खूण केली आणि म्हणाले, ‘माय रूम. कम.’

मिस्टर वॉल्टरनी माझ्याकडे बघितलं. रेडिओवरचं त्यांनीही ऐकलं होतं, लपवणाऱ्याचं काय होतं ते. म्हणाले, याला विचार, याला कळतंय का हा काय बोलतोय? मी मराठीत विचारलं. हसनभाई माझ्यावरच चिडले. ‘कळतंय म्हनावा. बोलत बसलात तर तिगं पन जावू. चला.’

शिंप्याचं दुकान तिथून जवळ होतं. गाडीच्या मागच्या भागात, हसनभाईंनी शिंप्याकडून आणलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांखाली माणूस घालून भर दुपारी आम्ही नेला. जिना चढताना मी मागे उभी राहिले. दार लागलं. हसनभाई खाली आले आणि पहिलं वाक्य बोलले, ‘वैनी, हा काय खातो?’

तीन दिवसांनी मी बसमध्ये बसले. हे लिहायला मला आजही जड जातं. शब्द मी दिला, चूक मी केली, आणि ती निस्तरायला हसनभाई मागे राहिले. त्यांचंही नाव पुढच्या एका बसच्या यादीत होतं. ते गेले नाहीत. निरोप घेताना म्हणाले, दापोलीला सांगा, काम हाय म्हनून थांबलो. मी तसंच पत्र लिहिलं. त्यांची बायको मला पुढे चार महिने पत्रं लिहून विचारत होती, वैनी, कसलं काम? मला उत्तर देता येत नव्हतं. मिरजेत रेडिओ ऐकताना मी दर बातमीला उठून उभी राहायची. सासूबाईंना वाटायचं मला कुवेतची नोकरी आठवते.

डिसेंबरात परदेशी लोकांना सोडलं आणि जानेवारीत मला अमेरिकेतून एक कार्ड आलं. त्यावर नुसता एक नकाशा होता, पट्टीने काढलेला. त्यांच्या बहिणीचं घर, उत्तरेचा बाण, आणि दारात एक माणूस. मी ते हातात घेऊन स्वयंपाकघरात बसून रडले. हसनभाईंचं पत्र यायला एप्रिल उजाडला. लिहिलं होतं, तब्येत ठीक, पाव्हना सुखरूप गेला, त्याला डाळभात आवडायला लागला होता.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात परत गेलो तेव्हा तेलविहिरी जळत होत्या आणि दुपारी दिवे लावावे लागत होते. मी सगळ्यांत आधी फिंतासला गेले. त्या बैठ्या घराचं मागचं दार फोडलेलं होतं. पुढचं नाही, मागचं. पण फिंतासमधली कितीतरी दारं फोडलेली होती. नकाशा बघून फोडलं की लुटायला फोडलं, हे मला कधी कळलं नाही आणि आता कळणारही नाही.

आणि मग लंडनहून काम आलं. तेच अभ्यासक, तेच प्रश्न. कुवेतला परतलेल्या अमेरिकनांना पुन्हा विचारा, एवढं सगळं झाल्यावर त्यांची मूल्यं बदलली का ते बघायचंय. मिस्टर वॉल्टर पाण्याचा कारखाना दुरुस्त करायला परत आले होते, नव्या घरात. मी फॉर्म घेऊन गेले. हसनभाई या वेळी गाडीत थांबले नाहीत, आत येऊन खुर्चीत बसले.

मी प्रश्न छापलेत तसेच वाचले. ‘बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की सावध राहावं लागतं?’ माझं पेन पहिल्या चौकटीवर टेकलंच होतं. मिस्टर वॉल्टर म्हणाले, ‘सावध. सावध होतो म्हणून तर जगलो.’ मी भुवई उडवली नाही. दुसऱ्या चौकटीवर खूण केली.

मग शिडी. त्यांनी बोट दहावर ठेवलं. मी लिहिलं. म्हणाले, थांब, खोड. सहावर ठेवलं. मी लिहिलं. मग हसनभाईंकडे बघितलं. ते टोमॅटो कापत होते. ‘तेही खोड,’ म्हणाले. ‘सांगता येत नाही असं काही लिहिता येतं का?’ येतं, म्हटलं, आणि लिहिलं.

शेवटी पत्त्याची चिठ्ठी आली. त्यांनी हात पुढे केला आणि पट्टी मागितली. मी चिठ्ठी फाडली, कोरीच, आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, ही तुमच्याकडेच राहू दे. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली.

महिन्याभराने लंडनहून तो फॉर्म परत आला. वर शेरा होता, पत्त्याची चिठ्ठी नाही, पडताळणी अशक्य, मुलाखत बनावट समजून बाद करण्यात येत आहे. देखरेख करणाऱ्याने सही करावी. खाडाखोड होती, ‘सांगता येत नाही’ होतं, खऱ्या फॉर्माच्या सगळ्या खुणा होत्या. पण नियम नियम असतो, आणि या वेळी तो मोडायचं मी मनात आणलं नाही. तेरा वर्षांत माझ्या हाताने भरलेला तो एकच फॉर्म बनावट ठरला. त्याच्याखाली मी सही केली.